श्टुटगार्टचं घर आणि माझ्या नावाचे कागद: प्रकल्प नोंदी, मार्च ते ऑक्टोबर २०२५

३ मार्च २०२५, सोमवार

हिंजवडीत होते तेव्हा प्रत्येक प्रोजेक्टची अशी नोंदवही ठेवायचे, काय झालं, काय अडलंय, कोणाकडे अडलंय. आता घर बसवायचं हाच प्रोजेक्ट आहे तर त्याचीही ठेवते. नवरा नोव्हेंबरपासून इथे जर्मनीत आहे, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना). मी आणि लेक काल आलो, आमचे दोघींचे फॅमिली व्हिसे आहेत.

एक गोष्ट पुण्यातच ठरवून आलेय. माझ्या आधी आलेल्या मैत्रिणींकडे बघितलं की घराचं भाडं नवऱ्याच्या नावावर, लाईट त्याच्या नावावर, मोबाईल त्याच्या नावावर, बँक त्याची, आणि दोनतीन वर्षांनी तिला नोकरी लागते तेव्हा या देशात तिचं असं काहीच कागदावर नसतं. कोणी वाईट वागलं म्हणून हे होत नाही, घाईत असतो माणूस, एकाच्याच सहीने काम होतंय तर होऊ दे म्हणतो. मला ते नकोय. जिथे जिथे दोघांची नावं लागू शकतात तिथे दोघांची लावायची, जो कागद माणसागणिक मिळतो तो माझा मी काढायचा. नवऱ्याला हे पटलेलं आहे, त्यामुळे वाद नाही, फक्त काम आहे.

६ मार्च, गुरुवार

पहिलं काम टपालपेटी. इथे टपाल फ्लॅट नंबरावर येत नाही, इमारतीच्या पत्त्याला फ्लॅट नंबर असतोच असं नाही, पेटीवर आणि बेलवर जे आडनाव लिहिलंय ते बघून पोस्टमन पत्र टाकतो आणि नाव नसेल तर पत्र परत जातं. आणि या देशात सगळं पत्राने येतं, टॅक्स नंबर, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, सगळं. आमचं आडनाव पेटीवर होतंच पण माझ्या पासपोर्टवर आणि नवऱ्याच्या पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं आहे (त्याचा पासपोर्ट आधीचा, माझा लग्नानंतरचा), म्हणून घरमालकांना सांगून दोन्ही स्पेलिंगं लावून घेतली. ज्यांनी माहेरचं आडनाव ठेवलंय त्यांनी तर हे पहिल्या दिवशीच करावं.

दुसरं, भाडेकरार. नवऱ्याने एकट्याने सही केलेला होता. लग्नाची बायको आणि मुलं राहायला येऊ शकतात, त्याला घरमालकाची परवानगी लागत नाही, फक्त कळवायचं, पण मी भाडेकरू होत नाही ना त्याने. आम्ही पुरवणी मागितली, एका पानाची, तिघांच्या सह्या, आता करारात मी पण आहे. घरमालक म्हणाले असं सहसा कोणी मागत नाही, पण आनंदाने दिलं.

नवीन येणाऱ्यांसाठी घराबद्दल थोडं. जाहिरातीत जे भाडं दिसतं ते बहुतेक वेळा कोरडं भाडं, ज्याला काल्टमीटे म्हणतात. त्यावर पाणी, हीटिंग, कचरा, जिना वगैरेचे नेबनकोस्टन महिन्याला आगाऊ द्यायचे आणि वर्षाअखेर त्याचा हिशेब येतो, कमी पडले तर भरा, जास्त गेले तर परत. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं कोरडं भाडं आणि तेही तीन हप्त्यांत देता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. घरात दिवे नव्हते, छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. ओटासुद्धा आधीच्या भाडेकरूचा होता, तो नवऱ्याने त्याच्याकडून विकत घेतला, नाहीतर सिंकपासून सगळं आपण बसवायचं. पुण्यात सेमी फर्निश्ड म्हणजे निदान ओटा तरी असतो!

११ मार्च, मंगळवार

आनमेल्डुंग झालं. म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. फी नाही. ब्युर्गरब्यूरोत म्हणजे नागरिकांच्या कामांच्या सरकारी ऑफिसात गेलो, सोबत पासपोर्ट, लग्नाचा दाखला, लेकीचा जन्मदाखला आणि घरमालकाचं पत्र. हे पत्र म्हणजे वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, नाव लांबलचक आहे पण एकच पान असतं, त्यात राहायला आल्याची तारीख आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव हवं. नुसता भाडेकरार चालत नाही, २०१५ च्या नोव्हेंबरपासून हे पत्रच लागतं.

नावाच्या रकान्यांबद्दल सविस्तर लिहून ठेवते कारण आपल्या मराठी नावांचा खरा प्रश्न इथेच येतो. पासपोर्टवर माझ्या गिव्हन नेममधे माझं नाव आणि पुढे नवऱ्याचं नाव आहे, आपल्याकडे तसंच लिहितात. इथे ती दोन्ही माझी पहिली नावं म्हणून नोंदली गेली, आणि आता प्रत्येक सरकारी पत्रावर माझ्या नावामागे त्याचं नाव येणार. ते बदलता येत नाही कारण पासपोर्टशी तंतोतंत जुळायला लागतं. पण फॉर्मवर गेबुर्ट्सनामे असा एक रकाना असतो, जन्माचं आडनाव, तो रिकामा सोडू नका. मी माहेरचं आडनाव लिहिलं. माझी पदवी, मार्कशीटं, आधीच्या कंपनीची पत्रं, सगळं त्या आडनावाने आहे, आणि आता इथल्या सरकारी नोंदीत दोन्ही आडनावं एकाच बाईची आहेत असं लिहिलेलं आहे. उद्या कोणी विचारलं की ही डिग्री कोणाची, तर तो एक कागद पुरे.

लग्नाचा दाखला आपला महापालिकेचा, १९९८ च्या कायद्याखालचा, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत आहे. तरी मी त्याचं जर्मन भाषांतर करून घेतलं. भाषांतर कोणीही केलेलं चालत नाही, कोर्टात शपथ घेतलेले भाषांतरकार असतात, त्यांचा शिक्का लागतो, आणि त्यांची यादी सरकारी वेबसाईटवर राज्यवार मिळते. पैसे जातात पण हा दाखला आयुष्यभर इतक्या ठिकाणी लागणारे की एकदाच नीट करून घेतलेलं बरं.

धर्माचा रकाना असतो. तिथे कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल लिहिलं की चर्च टॅक्स सुरू होतो, बाडेन-व्युर्टेम्बेर्ग (आमचं राज्य) आणि बायर्नमधे (म्युनिकचं राज्य) इन्कम टॅक्सच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९. आपल्याला प्रश्न नाही पण वसईची माझी मैत्रीण म्युनिकला आहे, ती कॅथलिक, तिने हे आधी वाचून, विचार करून लिहिलं आणि ती भरते. विचार करून लिहायचा रकाना आहे एवढंच.

नोंदीचा कागद तिथल्या तिथे मिळाला. तिघांची नावं. पुढचं सगळं याच्यावर.

२० मार्च, गुरुवार

आरोग्य विमा. नवरा सरकारी क्रांकेनकासेत म्हणजे आरोग्य विमा संस्थेत आहे, त्याच्या पगारातून १४.६ टक्के अधिक कासेचा स्वतःचा जादा टक्का कापला जातो, त्यातला निम्मा कंपनी भरते. मी कमवत नाही तोवर मी आणि लेक फॅमिली विम्यात, जादा एक पैसाही न देता. फॉर्म भरला, फोटो अपलोड केले. इथे मला आवडलेली गोष्ट अशी की विमा नवऱ्यामुळे मिळत असला तरी कार्ड आणि विमा नंबर प्रत्येकाचा स्वतंत्र, एक अक्षर आणि नऊ आकडे, आणि कासे बदलली तरी तोच राहतो. लेकीचाही वेगळा.

बँक. नवऱ्याच्या खात्यात मला जोडणं सोपं होतं, ते केलंच, पण त्याबरोबर माझं एकटीचं खातं पण उघडलं. ऑनलाईन बँकांची व्हिडिओ ओळख भारतीय पासपोर्टवर पुष्कळदा होत नाही, त्याला पर्याय म्हणजे पोस्टात पासपोर्ट घेऊन जायचं, काउंटरवरचा माणूस ओळख पटवून बँकेला कळवतो. पाच मिनिटांचं काम. शिवाय इथे २०१६ पासून कायदा आहे की देशात कायदेशीर राहणाऱ्या कोणालाही बेसिक खातं नाकारता येत नाही, पगार असो नसो. घरी बसलेल्या बायकांनी हे लक्षात ठेवा.

मोबाईलही माझ्या नावावर, महिन्याला बंद करता येईल असा प्लॅन. शुफा नावाची संस्था सगळ्यांच्या उधारीचा इतिहास ठेवते, घर भाड्याने घेताना घरमालक तो दाखला मागतात, आणि ज्याच्या नावावर खातं नाही, करार नाही, त्याचा इतिहासच नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. आणि आजच घड्याळं एक तास पुढे गेली, त्यामुळे भारताशी साडेचार तासांचं अंतर आता साडेतीन. आईला फोन लावला तेव्हा तिची पूजा आटपून जेवणं पण झाली होती. गुढी बाल्कनीत उभारली, तांब्या पुण्याहून बॅगेत आणलेला, कडुलिंब नाही मिळाला. रविवारी दुकानं बंद असतात त्यामुळे श्रीखंडाचं दही कालच टांगून ठेवलेलं.

खालच्या मजल्यावरच्या आजी गुढी बघून वर आल्या, हे काय आहे म्हणून. त्यांना बसवलं, श्रीखंड दिलं. त्यांनी मग आम्हाला केहरवोखे समजावली, ही खास या श्वाबेन भागातली पद्धत, जिना आणि समोरचा फुटपाथ झाडायची आठवड्याची पाळी, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. पुढच्या आठवड्यात आमची आहे. त्यांना मुंबई माहीत होती कारण मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून सिस्टर सिटी आहेत, हे मला इथे येऊन त्यांच्याकडून कळलं.

कामाची नोंद म्हणून: कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं. कागद, ओला, पिवळी पिशवी म्हणजे पॅकिंगचं, आणि उरलेला. काच रस्त्यावरच्या टाकीत, रविवारी टाकायची नाही, आवाज होतो.

४ एप्रिल, शुक्रवार

टॅक्स आयडी आले, तीन पत्रं, तिघांची. अकरा आकडी नंबर, जन्मभर एकच. लेकीलाही असतो, सहा वर्षांच्या मुलीला टॅक्स नंबर म्हणून आईला फोनवर गंमत वाटली, पण किंडरगेल्डच्या (मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याच्या) अर्जात तो लागतोच.

आता टॅक्स क्लास, म्हणजे पगारातून महिन्याला किती टॅक्स कापायचा ते ठरवणारा गट. नवरा बायको दोघं इथे नोंदले गेले की दोघांना आपोआप क्लास ४ मिळतो. एकच कमावता असेल तर ३ आणि ५ घेता येतो, म्हणजे त्याच्या पगारातून महिन्याला कमी टॅक्स कापला जातो. आम्ही दोघांनी सह्या करून तो घेतला, कारण सध्या डिपॉझिट, ओटा, दिवे सगळा खर्च अंगावर आहे. पण एक समजून घेऊन घेतला. वर्षाचा एकूण टॅक्स यात बदलत नाही, रिटर्न भरताना सगळं समान होतं, बदलतो तो फक्त महिन्याचा हातात येणारा पगार. आणि क्लास ५ असलेल्या बायकोला नोकरी लागली की तिच्या हातात फार कमी येतं, पुढे बाळंतपणाचा भत्ता, बेकारी भत्ता हे सगळं त्या हातात आलेल्या पगारावर मोजतात, म्हणजे तिथेही तिचंच नुकसान. म्हणून मला नोकरी लागेल त्या महिन्यात ४ आणि ४ वर परत जायचं, हे आजच लिहून ठेवते. ३ आणि ५ घ्यायला दोघांच्या सह्या लागतात, पण ४ वर परत जायला २०१८ पासून एकाचा अर्ज पुरतो.

१७ एप्रिल, गुरुवार

रेडिओ टीव्हीच्या फीचं पत्र माझ्या नावाने आलं. महिन्याला १८.३६ युरो, तीन महिन्यांचे एकदम कापले तर ५५.०८, घरात टीव्ही असो नसो. पत्त्याची नोंद झालेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पत्र जातं पण फी घरामागे एकच आहे. नवरा भरतोय, त्याचा नंबर ऑनलाईन फॉर्ममधे टाकला, संपलं. हे पत्र जाहिरात समजून बाजूला ठेवू नये, ठेवलं तर थकबाकी चढत जाते.

पत्रांची फाईल लावली. जाड दोन कड्यांची फाईल, इथे ती ऑफिससारखीच घराघरात असते, मधे रंगीत पुठ्ठे. प्रत्येक पत्रावर आलेल्या दिवशी तारीख टाकते, कारण सरकारी पत्रावरची हरकत घ्यायची मुदत साधारण एक महिना असते आणि ती मोजताना पत्र पोस्टात पडल्यापासून चौथ्या दिवशी पोचलं असं धरतात (या जानेवारीच्या आधी तिसऱ्या दिवशी धरायचे). आपण पत्र कधी वाचलं याला काही किंमत नाही.

८ मे, गुरुवार

रेसिडेन्स परमिटचा अर्ज केला, माझा आणि लेकीचा. व्हिसा संपायच्या आत अर्ज गेला पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं. तसा गेला आणि कार्ड यायला वेळ लागला तर मधल्या काळासाठी फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा कागद देतात, त्यावर हक्क चालू आहेत असं धरलं जातं. त्या कागदावर रेसिडेन्स कायद्याच्या कलम ८१ चे वेगवेगळे चौकोन असतात. परिच्छेद ४ वर खूण असेल तर भारतात जाऊन परत येता येतं, ३ वर असेल तर बाहेर गेल्यावर त्या कागदावर परत येता येत नाही. लग्नाला, आजारपणाला अचानक भारतात जायची वेळ येते आपल्या लोकांवर, विमानाचं तिकीट काढायच्या आधी तो चौकोन बघा.

फोटोचा नियम नवीन आहे. १ मेपासून फोटो डिजिटल, म्हणजे नोंदणी असलेल्या स्टुडिओत काढायचा, ते सुरक्षित सर्व्हरवर टाकतात आणि आपल्याला एक कोड छापून देतात. ऑफिसमधे मशीन असेल तर तिथे ६ युरोत निघतो. पुण्याहून पासपोर्ट साईझ फोटोंची गड्डी आणली होती ती शाळेच्या फॉर्मना कामी येईल.

सोबत लावलेले कागद: पासपोर्ट, पत्त्याची नोंद, लग्नाचा दाखला भाषांतरासह, विम्याचं पत्र, भाडेकरार पुरवणीसकट, नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपा. फी मोठ्यांना १०० युरो, मुलांना निम्मी.

२३ मे, शुक्रवार

भारताकडची बाजू. इकडचं करताना तिकडचं विसरतं, आणि ते नंतर फार महागात पडतं म्हणून आख्खा आठवडा त्यालाच दिला.

नोकरीसाठी किंवा कुटुंबासोबत बेमुदत बाहेर राहायला गेलं की फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याने साधं सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं करून घ्यायचं. माझं पुण्यातलं पगाराचं खातं केलं, आता त्यात फ्लॅटचं भाडं आणि एफडीचं व्याज येईल. इकडून पैसे पाठवायचे तर एनआरई वेगळं, त्याचं व्याज भारतात करमुक्त. एनआरओच्या व्याजावर बँक ३० टक्के आणि वर सेस कापते, पण भारत आणि जर्मनीच्या टॅक्स करारात व्याजावर १० टक्क्यांचीच मर्यादा आहे, त्यासाठी इथल्या फिनान्झआम्टकडून म्हणजे टॅक्स ऑफिसकडून रहिवासी असल्याचा दाखला घेऊन तिकडे फॉर्म १०एफ सोबत द्यायचा. आणि इथे राहतोय म्हणजे भारतातलं उत्पन्नही इथल्या रिटर्नमधे दाखवायला लागतं, करमुक्त एनआरईचं व्याजसुद्धा. हे कोणी सांगत नाही. पीपीएफ नवीन उघडता येत नाही, जुनं आहे ते मुदत संपेपर्यंत चालू राहतं.

भारतातलं सिमकार्ड जिवंत ठेवलंय, सगळे ओटीपी त्यावर. रोमिंगवर एसएमएस येतो एवढा छोटा पॅक पुरतो.

पीएफचं. ज्यांना भारतातल्या कंपनीने इथे पाठवलंय त्यांनी ईपीएफओचं सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज घ्यावं म्हणजे दोन्हीकडे पेन्शन कापली जात नाही, भारत जर्मनी सोशल सिक्युरिटी करार १ मे २०१७ पासून लागू आहे. इथल्या कंपनीत लागलेल्यांसाठी दोन्हीकडची वर्षं पेन्शनच्या पात्रतेला एकत्र धरतात. माझी हिंजवडीची वर्षं म्हणजे वाया गेली नाहीत.

१७ जून, मंगळवार

म्युनिकला जाऊन आले, आपलं कॉन्सुलेट. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग त्यांच्याकडे येतं. काम कुलमुखत्यारपत्राचं. पुण्याचा फ्लॅट आमच्या दोघांच्या नावावर आहे, भाडेकरूचा लिव्ह अँड लायसन्स करार सासऱ्यांना करता यावा म्हणून दोघांनी वेगवेगळं मुखत्यारपत्र दिलं. सासरे म्हणाले होते त्याचं एकट्याचं पुरे, पण निम्मा फ्लॅट माझा आहे तर सही माझीच हवी. वकिलांनीही तेच सांगितलं. मजकूर मोघम नको, कुठला फ्लॅट, कुठली कामं, भाड्याने देणं आहे की विकणं पण, हे स्पष्ट लिहायचं, आम्ही फक्त भाड्याचं लिहिलं. कॉन्सुलेटसमोर सही झाली की कागद भारतात पाठवायचा आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. सासरे मुद्रांक कार्यालयात स्वतः जाणारेत, त्यांना अशा कामात रस आहे.

९ जुलै, बुधवार

कार्ड आलं! माझं पण, लेकीचं पण. बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून छापून येतं, पिनचं पत्र वेगळं. माझ्या कार्डावर लिहिलंय की कुठलीही नोकरी किंवा धंदा करायला परवानगी आहे. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला ही मोकळीक आहे, वेगळं वर्क परमिट लागत नाही आणि येताना जर्मन भाषेच्या ए१ या पहिल्या पातळीची सक्ती पण नसते. मी पुण्यात ए२ पर्यंत शिकून आले होते ते मात्र पहिल्या दिवसापासून कामाला आलं, बेकरीत पण, ऑफिसात पण. इथे संध्याकाळी फोल्क्सहोखशूलेत (मोठ्या माणसांसाठीच्या वर्गांची संस्था) बी१ चालू आहे.

बी१ चा अजून एक उपयोग म्हणजे कायमस्वरूपी परवाना. ब्लू कार्डवाल्यांना तो ए१ वर २७ महिन्यांत, बी१ वर २१ महिन्यांत मिळू शकतो. हे नवऱ्यासाठी लिहितेय, तोही आता क्लासला बसलाय.

किंडरगेल्डचा अर्ज टाकला, २०२५ मधे महिन्याला २५५ युरो. दोघांपैकी एकालाच मिळतं, कोणाला ते आईवडिलांनी ठरवायचं. माझं नाव, माझं खातं. मागचं फक्त सहा महिन्यांपर्यंतचं देतात त्यामुळे अर्ज लांबवायचा नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

लायसन्स. आपलं भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं, माझे पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला संपताहेत. मग बदलून घ्यायचं, पण भारत त्या यादीत नाही ज्यांना थेट बदलून मिळतं, म्हणून लेखी आणि गाडी चालवायची अशा दोन्ही परीक्षा द्यायच्या. ड्रायव्हिंग स्कूलच्या ठरावीक तासांची सक्ती मात्र आपल्याला नाही, फक्त प्रॅक्टिकल परीक्षेला स्कूलच्या गाडीतून आणि शिक्षकासोबत जायला लागतं. अर्जाला लायसन्सचं भाषांतर, डोळे तपासल्याचा कागद, आणि प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्स. कोर्स आज झाला, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते प्रत्यक्ष करायला लावलं. हा कोर्स आपल्याकडे आरटीओने सक्तीचा करावा असं मला मनापासून वाटतं.

लेखी परीक्षा जर्मनसकट तेरा भाषांत देता येते, इंग्रजी आहे. ३० प्रश्न, चुकीचे गुण १० च्या वर गेले की नापास. पाठ करून होत नाही, समजून घ्यायला लागतं. खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणारा आधी, हा नियम डोक्यात मुरायला वेळ लागतो, कारण पुण्यात चौकात एकमेकांच्या डोळ्यांत बघून ठरतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

लेकीची शाळा सुरू. ३० जूनपर्यंत सहा पूर्ण झालेल्यांना या राज्यात शाळेची सक्ती आहे. हातात तिच्याइतका मोठा रंगीत शूलट्यूटे, पुठ्ठ्याचा शंकू, त्यात पेन्सिली, खाऊ आणि आजीने पाठवलेले तिळाचे लाडू. कागदांत सगळ्यात महत्त्वाचा लसीचा, गोवरच्या दोन डोसांचा पुरावा मार्च २०२० पासून कायद्याने लागतो. आमचं पुण्याचं लसीकरण कार्ड बालरोगतज्ज्ञांनी हाताने लिहिलेलं होतं, इथल्या डॉक्टरांनी ते बघून लसीकरणाच्या पिवळ्या पुस्तिकेत चढवून दिलं. मूळ कार्ड सांभाळून आणा, फोटोवर भागत नाही. जर्मन येत नसलेल्या मुलांसाठी वेगळे तयारी वर्ग असतात, शाळेने विचारलं होतं, पण पहिलीपासूनच बाकी मुलांसोबत बसून जादा भाषेचा तास घ्यावा असं ठरलं. शाळेच्या संपर्क यादीत आईचा फोन पहिला, बाबाचा दुसरा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नोकरीची ऑफर आली, टेस्टिंगचंच काम, १ नोव्हेंबरपासून. त्यांनी डिग्री मागितली. माझ्या डिग्रीवर युनिव्हर्सिटी ऑफ पुणे आहे, आणि विद्यापीठाचं नाव २०१४ मधे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, वर आडनाव माहेरचं. मी तीन कागद एकत्र पाठवले, डिग्री, लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर, आणि मार्चमधली पत्त्याची नोंद ज्यात जन्माचं आडनाव आहे, आणि दोन ओळींत विद्यापीठाच्या नावाचा खुलासा. एचआरच्या बाईंचा त्याच दिवशी रिप्लाय आला, सगळं स्पष्ट आहे, करार पाठवते.

करारासोबत त्यांना हवं होतं: टॅक्स आयडी, विमा नंबर, पेन्शन नंबर, बँकेचा आयबॅन, परमिटची कॉपी. पेन्शन नंबर क्रांकेनकासेला कळवल्यावर पोस्टाने येतो, तो सोडून सगळे माझ्या फाईलमधे माझ्या नावाने तयार होते.

फॅमिली विम्यातून आता मी बाहेर पडणार, स्वतःची सभासद होणार, लेक नवऱ्याकडेच राहील. टॅक्स क्लास ४ आणि ४ चा अर्ज आज एल्स्टर या टॅक्सच्या सरकारी पोर्टलवरून टाकला, पुढच्या महिन्यापासून लागू होईल, म्हणजे पहिल्या पगारालाच. नवऱ्याच्या हातातला पगार त्यामुळे कमी होणार, त्याचं घरखर्चाचं गणित आम्ही रविवारी बसून परत मांडलं.

बाकी राहिलेलं: लेखी परीक्षा पास, प्रॅक्टिकलची तारीख स्कूलकडून यायचीय. फिनान्झआम्टचा रहिवासी दाखला नवऱ्याचा आला, माझा वेगळा अर्ज करायचा, कारण एनआरओ माझ्या नावावर आहे. २०२५ चं रिटर्न पुढच्या जुलैअखेरपर्यंत भरायचं. पहिल्या नेबनकोस्टनच्या हिशेबाची वाट.